दगड तापेपर्यंत

ठराव मंजूर झाला तेव्हा लेनासेईच्या कढईत मैद्याचे गोड गोळे नुकतेच फुगून वर आले होते. स्वयंपाकघर आणि परिषदेची खोली यांच्यात बांबूची विणलेली भिंत तेवढी होती. आत कोण खोकले, कोण पेंगले, कोणाची खुर्ची करकरली, हे सगळे तिला चुलीपाशी बसून कळे. परिषदेचा सचिव तोआ वाचून दाखवत होता. यापुढे परिषदेच्या बैठकींत, शाळेच्या दुपारच्या जेवणात आणि पाहुण्यांच्या पंगतीत बोटीने आलेले काहीही शिजणार नाही. तांदूळ नाही, मैदा नाही, साखर नाही, नूडल्सची पाकिटे नाहीत, डब्यातली मासळी नाही. बेटावर जे उगवते आणि बेटाभोवती जे पोहते, तेवढेच. हात वर करा, असे तो म्हणाला. खुर्च्या करकरल्या आणि मग टाळ्या वाजल्या.

लेनासेईने झारा तसाच धरून ठेवला. गोळे तांबूस झाले, तपकिरी झाले, काळे पडले. इतक्या वर्षांत तिच्या हातून घाणा जळाला तो त्या दिवशीच.

आधीचा घाणा परातीत निथळत होता. बैठक सुटल्यावर सभासद बाहेर आले आणि ज्या हातांनी ठराव मंजूर केला त्याच हातांनी त्यांनी दोन दोन गोळे उचलले. ठराव उद्यापासून लागू, असे एकाने भरल्या तोंडाने सांगितले आणि सगळे हसले. तोआ तेवढा हसला नाही. तो तिच्या मावसबहिणीचा मुलगा, लहानपणी तिच्याच पावावर वाढलेला. क्लिनिकपुढची रांग किती लांबली आहे, नर्स काय म्हणते, घरोघरी शुगरचा माणूस कसा निघतो, हे त्याने तिला हळू आवाजात समजावले. तिच्यावर कोणाचा राग नाही, हेही दोनदा सांगितले.

"मग स्वयंपाक कोण करणार?" तिने विचारले.

"वोतासीकाकू," तोआ म्हणाला, आणि घाईने पुढे जोडले, "तुम्हीपण या ना मावशी. किसायला बायका लागतीलच."

किसायला. लेनासेईने गोळ्यांची परात उचलली, जळका घाणा कोंबड्यांना टाकला आणि ती घरी गेली.

वोतासी म्हणजे तिची धाकटी जाऊ. काल्तोंग आणि काल्मेत या दोघा भावांची घरे एका नीरफणसाच्या दोन बाजूंना होती. लेनासेई लग्न होताच थोरल्या काल्तोंगबरोबर राजधानीला गेली होती. तिथे एका हॉटेलात आधी भांडी घासली, मग भाज्या चिरल्या, मग पाव-केकच्या खोलीत हात बसवला. परत आली ती तेलाचा अर्धा कापलेला ड्रम, पत्र्याचे साचे आणि पांढरे एप्रन घेऊन. ड्रमची भट्टी झाली. तोवर या बेटावर ताजा पाव कोणी खाल्ला नव्हता. मग लग्न असो, मयत असो, धर्मगुरूंची फेरी असो, पहिल्या पंगतीला लेनासेईचा भात, पाव आणि गुलाबी साखरेचा केक. मागच्या पंगतीला लापलाप. ते काय, गरिबाघरचेच. किसलेला कंद नारळाच्या दुधात कालवायचा, केळीच्या पानात गुंडाळायचा आणि तापल्या दगडांत पुरून भाजायचा. बोटीवरचे विकत घ्यायला ज्याच्याकडे पैसे नाहीत, तो ते खाई.

वोतासी आली ती डोंगरावरच्या वाडीतून, अनवाणी, अळूच्या रोपांची मोळी डोक्यावर घेऊन. बेटाबाहेर तिने पाऊल टाकलेले नव्हते. कोनफळाच्या चिकाने तिची बोटे कायम काळी. शनिवारी ती पोरांसाठी पाव घ्यायला येई आणि पायरीखालीच उभी राही. लेनासेई तिला वर एक करपलेला पाव फुकट देई. द्यायला तिला आवडे. वोतासीला द्यायला विशेष आवडे.

आता त्याच वोतासीच्या अंगणात सकाळपासून बायका जमू लागल्या. किसण्यांचा खरखर आवाज आणि त्यावरून उठणारे हसू नीरफणस ओलांडून लेनासेईच्या खिडकीत येई. कोण कोण आले, हे ती बघे. धर्मगुरूंची बायको आली. साहेबिणीसारखा तोरा मिरवणारी दुकानदारीण आली. जिला तिने हात धरून केक शिकवला, ती भाचीसुद्धा मांडी घालून किसायला बसली. दुपारी शाळेची पोरे पानात बांधलेले गरम पुडे खात आणि पाने डुकरांना टाकून खेळायला पळत. भांडी घासायची कटकट गेली म्हणून मास्तरही खूश.

लेनासेईच्या पावावर कोणी बंदी घातली नव्हती. घरात काय खावे, हे परिषद सांगत नव्हती. पण लोक आता पाव न्यायला दिवेलागणीला येत आणि चोरीचा माल असल्यासारखे कपड्याखाली लपवून नेत. न येणाऱ्यांपेक्षा या येणाऱ्यांनी तिचा जास्त अपमान केला.

त्यात ते चित्र आले. राजधानीहून दोन माणसे कॅमेरा घेऊन आली होती. खांद्यावर अळूचा भला मोठा कंद घेऊन हसणारी वोतासी त्यांनी टिपली, आणि पुढच्या बोटीने तिचे दाराएवढे चित्र परत आले. नर्सने ते क्लिनिकच्या भिंतीवर डकवले. नेमके त्याच भिंतीखाली बाक होते आणि काल्तोंगच्या पायाची पट्टी बदलायला लेनासेईला सारखे तिथेच जाऊन बसावे लागे. काल्तोंगला शुगर होती. दोन बोटे राजधानीच्या इस्पितळात काढून झाली होती आणि आता टाचेची जखम भरत नव्हती. चित्रात वोतासीचे दात जरा जास्तच पांढरे आले आहेत, असे लेनासेईचे मत झाले.

एकदा नर्सने पट्टी सोडली, टाच उजेडाकडे वळवली आणि ती हसली. जखमेला कडेने नवी कातडी धरत होती. "काय खायला घालता हो हल्ली यांना?" तिने विचारले.

लेनासेईचा ऊर भरून आला. "जे नेहमी घालते तेच," ती म्हणाली.

नर्सने काल्तोंगकडे बघितले. काल्तोंगने जमिनीकडे बघितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो भावाचे जाळे दुरुस्त करायला म्हणून निघाला, तशी लेनासेई मागून गेली. जाळे फांदीवर वाळत होते. त्याला कोणी हात लावलेला नव्हता. काल्तोंग केवड्याच्या चटईवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात भाजलेला नीरफणस, नारळाच्या दुधातली पालेभाजी, मासळीचा तुकडा. तो खाली मान घालून, घाई न करता जेवत होता. वोतासी तर जवळही नव्हती. पलीकडे कुंपणाशी डुकरांना साले टाकत होती.

लेनासेई तशीच मागे फिरली. नवरा दुसरीच्या नादी लागला असता, तर तिने त्या बाईच्या झिंज्या धरून तिला गावभर फिरवले असते आणि गाव तिच्या बाजूने उभे राहिले असते. अळूच्या कंदासाठी दुसरीच्या दारी जाणाऱ्या नवऱ्याचे काय करायचे असते, हे तिला कोणी शिकवले नव्हते.

संध्याकाळी तिने त्याच्यापुढे पाव ठेवला आणि विचारले, "माझ्या पावात विष आहे का?"

काल्तोंगने पाव हाताने बाजूला सारला. मग म्हणाला, "विष असतं तर सोपं होतं. तुझा पाव मला आवडतो गं. समोर असला की मी खाणारच. म्हणून उठून जातो."

"मग मला सांगायचं. मी उकडले असते कंद."

"उकडले असतेस. आणि शेजारी पाव ठेवला असतास."

हे खरे होते, म्हणून तिला जास्त लागले. हा पाय तिने राजधानीच्या इस्पितळात उशाशी बसून राखला होता. त्याचा वास, त्याचा पू, त्याची रात्रीची कळ, सगळे तिच्या वाट्याला आले होते. आणि आता तो भरत होता तो दुसरीच्या हातचे खाऊन. नवऱ्याचा पाय बरा होतोय याचा आनंद तिला झाला नाही असे नाही. पण त्या आनंदाला वोतासीच्या चुलीचा धूर लागला होता.

पावसाळा सरता सरता परिषदेने धक्क्याजवळ बाजारघर बांधले. शाकारलेले छप्पर, खाली लाकडी ओटे. मळ्यातले जे आणाल ते मांडायला जागा फुकट. पाकिटातल्या मालाला बंदी. उद्घाटनाला शेजारच्या दोन बेटांची परिषद बोटीने येणार होती. त्यांनाही आपल्याकडे असाच ठराव करायचा होता. दोनशे माणसांचे जेवण. गावच्या म्हाताऱ्या चीफना मुळात हा ठराव फारसा रुचलेला नव्हता. पाहुण्यांपुढे फजिती झाली तर ठराव मागे घेऊ, असे त्यांनी तोआला स्पष्ट बजावले होते.

दोन दिवस आधी वोतासी लेनासेईच्या दारी आली. अजूनही पायरीखालीच उभी राहिली.

"ताई, एवढी माणसं मी कधी जेवू घातली नाहीत. तू घातलीस. दगड कधी पेटवू?"

लेनासेईला उत्तर पाठ होते. एवढ्या लापलापला दगड उजाडताच पेटवायला हवेत. बोटीचे पाहुणे फार थांबत नाहीत. ओहोटी लागली की धक्क्याशी पाणी राहत नाही आणि बोट रुतते. हे तिच्याइतके गावात कोणाला माहीत नव्हते. त्या पाहुण्यांना वर्षानुवर्षे तिनेच वाढले होते.

"बोट दिसली की पेटव," ती म्हणाली. "आधी स्वागत, मग भाषणं, मग नाच. लवकर काढलंस तर गार होईल. आणि पाहुण्यांना गार लापलाप घातलं तर नाव आपल्या घराचं जाईल."

'आपल्या घराचं' हे तिने मुद्दाम घातले. वोतासीचा चेहरा निवळला. तिने काखेतला पिकल्या केळ्यांचा घड पायरीवर ठेवला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी लेनासेईने दिवसभर भट्टी पेटती ठेवली. तीन मोठ्या टोपल्या भरल्या. दुकानाने मागवलेत, असे काल्तोंगला सांगितले. उद्घाटनाच्या सकाळी, सगळे बाजारघर फुलांनी सजवण्यात गुंतलेले असताना, तिने टोपल्या एकेक करून शाळेच्या भिंतीमागे नेऊन ठेवल्या आणि वर कापड टाकले.

बोट दिसली, आणि वोतासीने दगड पेटवले.

स्वागत झाले. भाषणे झाली, पण ऊन इतके होते की वक्त्यांनीच ती आवरती घेतली. नाच झाला. पाहुण्यांनी ओट्यांवरची पपई खाल्ली, केळी खाल्ली, शहाळी प्यायली, आणि मग ते चटयांवर बसून वाट बघू लागले. दगडांतून अजून ज्वाळा निघत होत्या. दगड लाल व्हायचे होते, पानांचे गठ्ठे त्यात पुरायचे होते, मग भाजायचे होते. बोटीचा कप्तान दोनदा धक्क्यावर जाऊन पाणी बघून आला. चीफ तोआला सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, की तांदळाची दोन पोती हाताशी असू द्या म्हणून मी तेव्हाच सांगत होतो. मग त्यांनी वोतासीला बोलावले आणि उशीर का, म्हणून विचारले.

लेनासेई जवळच उभी होती. आपले नाव आता येणार, हे तिला माहीत होते. त्यावरचे उत्तर तिने जिभेवर तयार ठेवले होते: मी कुठे असं म्हणाले, तिच्याच डोक्यात काहीतरी भलतं बसलं.

वोतासीने राखेचे हात झग्याला पुसले. "मला अंदाज आला नाही," ती म्हणाली. "चूक माझी." तिने लेनासेईकडे नजरसुद्धा वळवली नाही. परत जाऊन दगडांपाशी बसली आणि झावळीने जाळाला वारा घालू लागली.

लेनासेईच्या जिभेवरचे उत्तर जिभेवरच राहिले. आणि तिला हेवा वाटला. कंदांचा नव्हे, चित्राचा नव्हे, नवऱ्याच्या दुपारच्या जेवणाचाही नव्हे. चारचौघांत दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन इतक्या साधेपणाने परत कामाला बसता येते, याचा. म्हणजे हेही हिच्याकडेच होते.

तोआ धावत तिच्याकडे आला. कपाळावरून घाम निथळत होता. "मावशी, घरी पाव आहे का? बिस्किटं, काहीही चालेल. पाहुणे उपाशी परत गेले तर आपल्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

टोपल्या तिच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे होत्या. याच वाक्यासाठी ती काल दिवसभर भट्टीपुढे बसली होती.

"नाही," ती म्हणाली. "पाव नाही. कप्तानाला जाऊन सांग, लेनासेईनं थांबायला सांगितलंय. आजवर मी त्याला कधी उपाशी पाठवलेलं नाही म्हणावं."

आपण असे का म्हणालो, ते तिला धड सांगता आले नसते. तो काही चांगुलपणा नव्हता. मोठेपणा सगळा एकट्या वोतासीच्या पदरात पडावा, हे तिला सोसण्यासारखे नव्हते, एवढेच.

कप्तान थांबला. तिचा केक त्याने पुष्कळदा खाल्ला होता. त्याने बोट थोडी खोल पाण्यात नेऊन ठेवली आणि पाहुण्यांना गुडघाभर पाण्यातून यावे लागेल, असा निरोप धाडला.

अखेर दगड बाजूला झाले, पाने उघडली आणि वाफ छपरापर्यंत गेली. लोक उठले. वोतासीने सुरी घेतली आणि घरच्या पोरांना वाढावे तसे पहिल्या चौघांना मोठमोठे लगदे घातले. मागचे पुढे रेटू लागले. असे वाढत राहिली तर अर्ध्या लोकांना उरणार नाही, हे लेनासेईला लांबूनच दिसले. ती गर्दीतून पुढे गेली आणि तिने सुरी वोतासीच्या हातातून काढून घेतली.

"पानं धर," ती म्हणाली.

हॉटेलात केकच्या लाद्या कापत तशा तिने सरळ रेघा मारल्या, उभ्या आणि आडव्या. सगळे तुकडे सारखे. एक पान, एक तुकडा, वर मासळी, पुढचे पान. रांग सरकू लागली. वोतासी शेजारी उभी राहून पाने धरत होती. तळहातांवर फोड आले होते, तरी ती बोटांच्या टोकांनी धरत होती. बऱ्याच वेळाने ती खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, बोट दिसली की, असंच म्हणाली होतीस ना तू? मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही चुकलं असेल."

सुरी थांबली. हो, तुझंच चुकलं, असे म्हटले की सुटका होती. वोतासीने वाट मोकळी करून दिली होती आणि तिने ती अगदी मनापासून करून दिली होती.

"नाही," लेनासेई म्हणाली. "तू बरोबर ऐकलंस."

वोतासीचे पान तसेच पुढे धरलेले होते. लेनासेईने त्यात तुकडा ठेवला. वोतासीने तो पाहुण्याला दिला आणि दुसरे पान घेतले. शेवटची रांग संपेपर्यंत ती पाने धरत राहिली. एकही पान वाकडे झाले नाही, एकही तुकडा सांडला नाही. पण ताई हा शब्द त्या दिवशी तिच्या तोंडून पुन्हा आला नाही, आणि नंतरही कितीतरी दिवस आला नाही.

पाहुणे जेवले. झगे आणि विजारी वर धरून पाण्यातून बोटीकडे गेले. जाताना त्यांच्यातल्या दोघींनी वोतासीचा हात हातात घेतला आणि आमच्याकडे शिकवायला या, असे सांगितले. चीफनी दोनदा मागून घेतले आणि ठराव मागे घेण्याचे नाव काढले नाही. तोआ लेनासेईला म्हणाला, की मावशी, तुम्ही होतात म्हणून निभावले. तिने सुरी धुऊन, पुसून वोतासीच्या टोपलीत ठेवली.

दिवस कलला तशी ती टोपल्या घरामागे डुकरांच्या कुंपणापाशी घेऊन आली. तिसरी टोपली काल्तोंगने उचलून आणली. तो आता फारसा लंगडत नव्हता. त्याने कापड वर केले, आतल्या पावांकडे बघितले, मग तिच्याकडे.

"दुकानानं घेतले नाहीत?"

"दुकानाचे नव्हतेच," ती म्हणाली.

आदल्या दिवशी एवढे पाव कोणासाठी भाजले आणि ते शाळेमागे कसे आले, हे त्याने विचारले नाही. विचारण्यासारखे काही उरलेही नसावे. तो ओंडक्यावर तिच्या शेजारी बसला आणि पाव मोडून कुंपणापलीकडे टाकू लागला. डुकरे एकमेकांना ढुशा देत जमली. दोन टोपल्या संपल्या.

तिसऱ्या टोपलीतला एक पाव मोडताना काल्तोंगचा हात थांबला. त्याने तो अर्धा पाव नाकाशी नेला आणि डोळे मिटून त्याचा वास घेतला. लेनासेईने त्याला अडवले नाही. हातातले काम थांबवून ती बसून राहिली. मग त्याने डोळे उघडले, वाकून तोही तुकडा डुकराच्या तोंडात दिला आणि हात झटकले.

लेनासेईने टोपलीतून पुढचा पाव मोडायला घेतला.